सोसायटीच्या जीपचा काटा

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, विहिरींवरच्या मोटारी बंद पडल्या आणि अणदूरच्या फाट्यावरचा जैनोद्दीन वायरमन माशा मारत बसला. बायको कुलसुमबी जाऊन वर्ष झालं होतं. घरी गेलं तरी भिंती, दुकानात बसलं तरी भिंती. बोलायला माणूस नव्हतं, आणि त्याचंच त्याला जास्त लागत होतं.

अशात सोसायटीची जीप आली. ड्रायव्हर रेवणप्पा म्हणाला, "चाचा, गाडी लई तापतीय बगा. काटा लालवरून खाली येईना."

जैनोद्दीननं बॉनेटला हात लावला. नुसतं कोमट! इंजिनाच्या टोकाला काट्याची वायर काढली, तरी काटा लालवरच. म्हणजे दुखणं इंजिनाचं नव्हतं, वायरचं होतं. एका जागी रबर झिजून तार लोखंडाला टेकत होती. चिकटपट्टीचे चार वेढे दिले की काम फत्ते. पण तेवढ्यात रेवणप्पानं चहा सांगितला. लेक सासरी गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणाला. जैनोद्दीनला फार बरं वाटलं. त्यानं एकच वेढा दिला.

आठवड्यात जीप परत. चहा, गप्पा, एक वेढा. हे असंच चाललं. इकडे काटा चढला की चेअरमन तात्याराव घाबरून गाडी थांबवत आणि समोरच्या गावात पाणी मागत. निघालेले दुष्काळाच्या पाहणीला! एका वाडीत टँकरच्या रांगेतली मालनबाई हंडा कवटाळून कडाडली, "माणसाच्या नरड्याला थेंब न्हाय, अन् तुमच्या डबड्याला घागर पायजे व्हय?"

सगळ्या बाया हसल्या. तात्याराव तडक फाट्यावर आले. "जैनोद्दीन, पुन्हा काटा चढला तर गाडी सोलापूरला. इथं कायमची बंद!"

जैनोद्दीननं पक्कड हातात घेतली. त्यानं नवी वायर टाकली, लोखंडापासून लांब बांधली. काम चोख झालं. आता रेवणप्पा कशाला येतोय, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. त्या नादात मुठीला लाल पट्टी गुंडाळलेली पक्कडही कुठं हरवली, कळलं नाही.

पुढचा आठवडा सुना गेला. आणि बाजारच्या दिवशी जीप दारात!

"काटा चढला?" जैनोद्दीन धसकला.

"काटा झ्याक हाय, चाचा. हॉर्नच मुका झालाय."

जैनोद्दीननं बॉनेट उघडलं. हॉर्नची तार मधोमध साफ तुटली होती, पकडीनं तोडावी तशी. त्यानं मान वर केली. रेवणप्पा आभाळाकडं बघत होता आणि त्याच्या खिशातून लाल मूठ डोकावत होती.

"रस्त्याला खड्डे लई झालेत," रेवणप्पा म्हणाला.

"व्हय तर," म्हणत जैनोद्दीननं हॉटेलाकडं हात केला. "दोन चहा! अन् घाई करू नका, काम लई मोठं हाय."