परबाचा जागतिक कायदा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या वाकोल्यातला गिरणीवाला परब डबाभर गहू दळायला घ्यायचा आणि पीठ पडेपर्यंत अमेरिका, जपान, जर्मनी सगळ्यांना फैलावर घ्यायचा. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून.

"प्रत्येक देशाचा धंद्याचा कायदा वेगळा! इथे गुन्हा, तिथे हुशारी! स्पर्धेला जगभर एकच नियम नको? जरा जागतिक पातळीवर विचार कर रे!"

मी आपला संध्याकाळच्या चपात्यांच्या पातळीवर विचार करत उभा असायचो.

जगाने काही दाद दिली नाही, म्हणून परबाने समोरच्या पास्कलपासून सुरुवात केली. पास्कल इथल्या जुन्या गावठाणातला, त्याचीही गिरणीच. रस्ता ओलांडला की परराष्ट्र! परबाने भर रस्त्यात कलमं ऐकवली: दर एक, वेळ एक, सणासुदीला जादा वेळ गिरणी चालवायची नाही.

"चतुर्थीला मोदकांचं पीठ दळत मध्यरात्रीपर्यंत बसलास, तेव्हा कुठे गेला होता तुझा कायदा?" पास्कल म्हणाला.

"ती परंपरा."

"मग माझा नाताळ काय, चोरी?"

झालं! परिषद फिसकटली. दोन गिरण्यांचं जमेना आणि हे महाशय अख्ख्या जगाला एका टेबलाशी बसवणार होते. पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी शटर उघडलं की वाटाघाटी सुरू, म्हणजे शिव्या.

मग एकदा ऐन नाताळाच्या तोंडावर पास्कल जिन्यावरून पडला. पाय प्लास्टरात, गिरणी बंद. म्हटलं, परबाची चांदी झाली! डबा घेऊन गेलो, तर परबाचंच शटर खाली. आणि समोर पास्कलच्या गिरणीत पिठाने पांढराफटक झालेला परब तांदूळ दळत होता.

"अरे, तुझी गिरणी?"

"बंद ठेवलीय. गिऱ्हाईकाला एकदा माझ्या दाराची सवय लागली की पास्कलकडे कोण परत जाणार?"

"हे कुठल्या कलमात बसतं रे?"

"कशातच नाही. गप डबा ठेव."

मी हसलो. परब हसला नाही. त्याने पट्टा थांबवला, तेव्हा प्रथमच तो हळू बोलताना ऐकू आला.

"मेल्या, ही गिरणी बंद पडली तर मी भांडू कोणाशी? घरी आहे कोण माझ्या?"