दारापासून दारापर्यंत

पुणे ते नागपूर किती वेळ लागतो, हा विषय आमच्या खालच्या मजल्यावरच्या वानखेडेकाकांसमोर काढायची सोय नाही. सोसायटीत नवा आलेला माणूस सहज "विमानानं सव्वा तास" म्हणतो आणि फसतो.

"विमानाचं नका सांगू, राजेहो. दाराचं सांगा! तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत."

मग वारज्यातली रिक्षा, सिग्नल, तपासणीची रांग, तिकडे बॅगेची वाट, पुन्हा रिक्षा. गाडीनं गेलात तर सातशेवर किलोमीटर, तेरा तास, "तेही टायरनं साथ दिली तर." काका मूळचे नागपूरचे, मीही. पण ते महिन्यातून एकदा तिकीट नसताना, रिकामी बॅग घेऊन रिक्षानं विमानतळापर्यंत जात, वेळ वहीत लिहीत आणि बसनं परत येत. मी त्यांची नक्कल करायचो. लोक हसायचे. लिहिताना लाज वाटते, पण करायचो.

एका शनिवारी अकराला ताईचा नागपुरातून फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चारला. आई म्हणत होती, मुलगा आल्याशिवाय आत जाणार नाही.

"सव्वा तासाचं तर अंतर आहे, ताई. आलोच!" मी जिना उतरता उतरता ओरडलो.

काका दारातच होते. "फोन फिरव. आता संध्याकाळचंच विमान मिळेल. रात्रीचे आठ सांग."

"काका, ती घाबरेल हो."

"घाबरू दे. मी बापाले असंच सांगितलं होतं, आलोच. म्हातारा आजारी, पण खुर्ची दाराकडे करून बसला. आडवा व्हायला तयार नाही. आठ तास, राजा! मी पोचलो तेव्हा त्याला मान धरवत नव्हती."

माझ्याच्यानं फोन होईना. दोन वर्षं मी आईला हेच सव्वा तासाचं अंतर ऐकवत होतो, आणि गेलो एकदाही नव्हतो. काकांनी ताईचा नंबर लिहून घेतला आणि मला रिक्षात ढकललं.

विमान अर्धा तास उशिरा सुटलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. ऑपरेशन वेळेवर, नीट झालं होतं.

"तयार कशी झाली?" मी ताईला विचारलं.

"तुझे ते काका. दर अर्ध्या तासाला फोन. आईला म्हणाले, माय, तो वेळेत पोचत नाही, तुम्ही जाऊन या. मग दोघं बोलतच बसले."

आईनं डोळे उघडले. मला पाहून ती रडेल, रागावेल, असं वाटलं होतं.

"त्या वानखेड्यांना फोन लाव आधी," ती म्हणाली. "मला उपाशी ठेवलं होतं ना, तर तेही सकाळपासून जेवले नाहीत म्हणे. आता जेवा म्हणावं."