गट नंबर चारशे बाराचं स्टेशन

मी एखादी वस्तू हुबेहूब करायला घेतली, की खऱ्या वस्तूनं लाजावं. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

देगलूरला माझं लेझर कटिंगचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, लग्नातले स्वागताचे बोर्ड, क्रिकेटच्या ट्रॉफ्या. संगणकावर रेघा मारायच्या, मशीनमध्ये एमडीएफची पातळ फळी ठेवायची, बाकी काम लेझरचा किरण करतो. आता एवढ्या प्रतिभेला पाट्या किती दिवस पुरणार? तेवढ्यात कळलं, की पुण्यात छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन आहे आणि त्यात इमारतींची स्पर्धाही आहे. तिथं पेन्शन घेणारी माणसं गुडघ्यावर बसून गाड्या पळवतात आणि परीक्षक भिंग घेऊन खिडकीचे गज मोजतात. मी ठरवलं, आपण मराठवाड्यातलं स्टेशन करायचं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान.

पण खरं स्टेशन केलं, की कुणीतरी तिथं जाऊन गज मोजणार आणि चूक काढणार. म्हणून मी शक्कल लढवली. जिथं रेल्वेच नाही, तिथलं स्टेशन करायचं! माझी सासुरवाडी कासारखेड. तिथं एसटीसुद्धा तिची मर्जी असेल तर येते. स्टेशन कल्पनेतलं, भोवतालचं गाव मात्र जसंच्या तसं.

तीन महिने मी घासलो. छतावरची कौलं एकेक कापली. बाकाचा एक पाय मोडका, नळाला तोटी नाही, चौकशीची खिडकी बंद. शेजारी मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, बांधावरच्या बाभळी. सपाट जागा म्हणून स्टेशन सासऱ्यांच्या चार एकरात बसवलं आणि कळस म्हणून बांधाच्या दगडावर त्या शेताचा खरा गट नंबर कोरला, ४१२. अक्कल जास्त झाली, की ती अशी सांडते.

दुकान अरुंद, म्हणून जोडणी करायला सगळं सासुरवाडीला नेलं. सासरे बसवंतप्पा चष्मा लावून वाकले.

"जावईबापू, हे आपलं चारशे बारा हाय न्हवं?"

"हाव, मामा."

"आन ह्यात टेसन?"

"हाव. नळ बघा, तोटीसुद्धा नाही."

मामा उठून तडक बाहेर गेले. मला वाटलं, जावयाचं कौतुक गावभर सांगायला निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हरभरा पेरायला आलेला ट्रॅक्टर त्यांनी दारातूनच परत पाठवला. सोयाबीन निघालं होतं, जमिनीत ओल होती, पण ती आठ दिवसांत उडाली असती. मग हरभरा विसरायचा आणि वर्षभर जावयाला आठवायचं.

"रेल्वे जागा घेणार," मामा म्हणाले. "मोजणीवाले समदं तुडवणार. बियाणं कशाला घालवू?"

"मामा, ते खेळणं आहे."

"खेळण्यावर गट नंबर असतो का?"

दुपारी शेजारच्या शेताचे नरसिंगराव आणखी सात जणांना घेऊन आले. सगळे मॉडेलभोवती उकिडवे बसले.

"जावई, टेसनाचा संडास आमच्याच बांधाला कशामुळं?"

"डिझाइनमध्ये तिकडं जागा उरली होती."

"सासऱ्याला तिकीटघर आन आम्हाला संडास. चांगला इन्साफ हाय."

गिरणीवाले राजशेखर समजूतदार निघाले. ते म्हणाले, "संडास राहू द्या, पण गेट गिरणीकडं करा."

मी हात जोडून सांगितलं, की स्टेशन होणार नाही, रेल्वेत मला कुत्रं ओळखत नाही, हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे.

"साहेब लोक आधी असंच म्हणत्यात सगळीकडं," नरसिंगराव म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी जेवढा नाकारत गेलो, तेवढं स्टेशन पक्कं होत गेलं. संध्याकाळपर्यंत त्या शिवारातल्या आठही जणांनी पेरणी थांबवली.

बायको मंजुश्री हे सगळं दारात उभी राहून बघत होती.

"माझ्या बापाचा हरभरा बुडवलाव तुम्ही," ती म्हणाली.

"आता काय करू, ते तरी सांग."

"समदं खरंखुरं केलं म्हणता. मग भूमिपूजनाची कोनशिला कुठाय?"

मला वाटलं, टोमणा मारते आहे. टोमणा होताच, पण त्यात वाटही होती. "बारा वर्षं जुनी तारीख टाका," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

सकाळी दुकानात जाऊन काळ्या ॲक्रिलिकवर सोनेरी अक्षरं कोरली. मान्यवरांच्या शुभहस्ते भूमिपूजन, खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख. सवयीनं एक कोपरा फोडला. गावात येऊन ती कोनशिला सगळ्यांसमोर स्टेशनच्या दारात चिकटवली.

नरसिंगराव वाकले. "भूमिपूजन झालंय व्हय?"

"बारा वर्षं झाली," मी म्हणालो.

"कधी झालं? मला कसं ठाव न्हाई?"

"असं काय करता," राजशेखर म्हणाले, "मांडव न्हवता का टाकला? जेवण होतं."

"बुंदी होती," मागून कुणीतरी म्हणालं.

"हाव, बुंदी होती," नरसिंगरावांना आठवलं. "आमच्या पंगतीला कमी पडली."

सकाळी मशीनमधून निघालेल्या दगडाची बुंदी आठही जणांनी खाल्लेली होती. मामांनी चष्मा काढून पुसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"भूमिपूजन झालंय, मग कशाचा घोर? नरसिंग, ट्रॅक्टरवाल्याला फोन लाव."

त्या दिवशी सगळ्या शिवारात हरभरा पडला. कोनशिला इतकी घट्ट चिकटली होती, की ती काढली असती तर दारही निघालं असतं. मी मॉडेल तसंच पुण्याला नेलं.

मुख्य परीक्षक मूळचे लातूरचे, निवृत्त इंजिनिअर. मला वाटलं, आपला माणूस आहे, आपलं काम त्याला कळेल. कळलं. गुणपत्रिकेवर त्यांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला: "कौलं, बाक, नळ उत्कृष्ट. परंतु भूमिपूजन झालेल्या जागेवर प्रत्यक्ष इमारत उभी दाखवली आहे. वास्तवाला धरून नाही. दहा गुण वजा."