नाल्यापलीकडचा माल

दोन शेजारी गुण्यागोविंदानं राहत असतील, तर त्यांच्यापैकी एकाचं तरी नुकसान होत असतं; फक्त ते त्याला अजून कोणी समजावून सांगितलेलं नसतं. आर्वीकडच्या पळसझरी गावाला हे नुकसान समजावून सांगायला केशव मास्तर मिळाले, आणि मनावर घ्यायला सरपंच अण्णाजी मिळाले. दोन्ही माणसं एकाच गावात एकाच वेळी मिळावीत, असा योग फार थोड्या गावांच्या नशिबी येतो.

पळसझरी आणि निंबगव्हाण यांच्यामध्ये एक नाला. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, एरवी नुसती वाळू. पळसझरीची वांगी पलीकडे जात. निंबगव्हाणची मडकी आणि घाण्याचं तेल अलीकडे येई. मुलीही दोन्हीकडून ये-जा करत, म्हणजे लग्न होऊन. हा सगळा व्यवहार कित्येक पिढ्या कोणत्याही धोरणावाचून चालला होता. (लोक सुखी दिसत, पण अडाणी माणसाला आपलं दुःख लवकर कळत नाही.)

एका उन्हाळ्यात केशव मास्तरांच्या घरी वर्तमानपत्रात बांधलेला गूळ आला. मास्तर छापलेलं काहीही वाचल्याशिवाय टाकत नसत. त्या कागदावर लिहिलं होतं, की सातासमुद्रापलीकडच्या एका देशानं शेजारच्या देशाच्या मालावर जबर जकात बसवली असून त्यामुळे देशी उद्योगांना... आणि तिथं कागद फाटलेला होता. पुढचं वाक्य दुसऱ्या कोणाच्या गुळाला गेलं. अण्णाजींना पुढच्या वाक्याची गरज वाटली नाही. मोठी धोरणं बहुधा एवढ्याच कागदावर ठरतात.

"म्हणजे मास्तर, हे निंबगव्हाणवाले इतके वर्स आपल्याले मडके विकून लुटून राह्यले?"

"तसं आपण बी त्यायले वांगे विकतोच ना, अण्णाजी."

"ते येगळं. वांगे आपले आहेत."

या उत्तरात अण्णाजींचं सगळं अर्थशास्त्र आलं, आणि पुढेही ते कोणाला खोडता आलं नाही.

ग्रामपंचायत नवी होती. अधिकार होते, पण ते कशावर चालवावेत हे ठरत नव्हतं. कोतवालानं दवंडी पिटली, की नाल्यापलीकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जकात लागेल. अलीकडच्या काठावर पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला, आडवा बांबू टाकला, आणि चंद्रभान नावाच्या माणसाला नाकेदार नेमलं. चंद्रभानला दुसरं कोणतंच काम जमत नव्हतं, त्यामुळे या जागेसाठी त्याच्या लायकीचा दुसरा उमेदवार सापडला नाही.

आता निंबगव्हाणचे सरपंच बापूजी हे अण्णाजींचे व्याही होते. अण्णाजींचा मुलगा परगावी नोकरीला असे; सून पद्मा ही बापूजींची लेक, आणि दवंडी पिटली त्या दिवशी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती. ही बाब विचारात घेण्याचं पंचायतीतल्या कोणालाच सुचलं नाही. अण्णाजींच्या पत्नीला, धुरपताबाईंना सुचलं होतं; पण त्या पंचायतीत नव्हत्या, चुलीपाशी होत्या.

"सून येईन तवा काय करान?" त्यांनी विचारलं.

"सून काय मडकं आहे?" अण्णाजी म्हणाले, आणि विषय मिटला असं समजले.

जकातीचे फायदे लगेच दिसू लागले. गावाचं उत्पन्न शंभर टक्क्यांनी वाढलं. (आधी ते शून्य होतं. शून्याचे शंभर टक्के किती होतात, यावर केशव मास्तरांचा अभ्यास चालू आहे.) देशी उद्योगालाही चालना मिळाली. पळसझरीतल्या एका उत्साही गृहस्थांनी स्वतः मडकी घडवली. त्यांत पाणी राहत असे. फार वेळ नाही, पण विहिरीपासून घरापर्यंत चालणाऱ्याला कामात हयगय करू नये अशी शिस्त लागली. तेलाच्या बाबतीत मात्र स्त्रियांनी सहकार्य केलं नाही. त्या रिकाम्या हातानं निंबगव्हाणला जात, घाण्यावर मनसोक्त तेल डोक्यावर ओतून घेत आणि परत येत. चंद्रभाननं एकदा तानाबाईंना बांबूपाशी अडवलं.

"तानाबाई, केसात पावभर तेल दिसते."

"मंग पिळून घे ना, बाप्पा," तानाबाई म्हणाल्या आणि डोकं पुढे केलं.

चंद्रभान मागे सरला. नियमात पिळण्याची तरतूद नव्हती.

निंबगव्हाणनं साहजिकच उलट जकात बसवली. बापूजी शांत माणूस. त्यांनी फक्त अण्णाजींच्या दवंडीतलं गावाचं नाव बदललं आणि तीच पिटली. पळसझरीची वांगी त्यामुळे पळसझरीतच राहिली. सकाळी भरलेलं वांगं, संध्याकाळी भाजलेलं वांगं, सणाला वांग्याचीच भजी. स्वावलंबनाची अशी चव गावानं पूर्वी कधी घेतली नव्हती.

मग कडुनिंबाचं प्रकरण निघालं. झाड निंबगव्हाणच्या काठावर, पण दुपार कलली की त्याची सावली नाला ओलांडून पळसझरीत येई. बापूजींनी कळवलं, की आमची सावली तुमचे लोक फुकट वापरतात. अण्णाजींनी उत्तर पाठवलं, की ती न विचारता आमच्या हद्दीत शिरते, म्हणून आयात समजून आम्हीच तिच्यावर जकात घेऊ. दोन्ही बाजूंचं म्हणणं कायद्याला धरून असल्यामुळे सावलीत बसणाऱ्याला दोनदा पैसे पडू लागले. लोक उन्हात बसायला लागले. (लोकांच्या प्रकृतीला ऊन मानवतं, असं पंचायतीच्या बैठकीत सर्वानुमते ठरलं. बैठक सावलीत झाली.)

वर्धा जिल्हा तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याच्या बेतात होता. त्यामुळे तक्रार जुन्या सरकारकडे करावी की येणाऱ्या, हे कळेना. आणि धोरण निर्वेध चालू राहिलं.

अशात पलीकडून निरोप आला: पद्मा बाळंत झाली, मुलगी झाली, नाक अण्णाजींवर गेलं आहे.

अण्णाजींनी चारचौघांत नुसती मान हलवली. मग गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्याला ही बातमी सांगितली. इतक्या मोठ्या घरात ती ऐकून घेईल असं दुसरं कोणी नव्हतं, कारण धुरपताबाईंनी बोलणं टाकलं होतं. त्या फक्त वाढत होत्या. वांगं.

पद्मा सव्वा महिन्यानं, पाऊस लागायच्या आधी निघाली. सकाळची वेळ होती, आणि दोन्ही गावं आपापल्या काठावर सहज म्हणून जमली होती. पलीकडच्या नाक्यावर बापूजींनी डोळे पुसले आणि निर्यातीचा विषय काढला. लेकरू आमच्या इथं झालं, आमच्या दुधातुपावर वाढलं, तेव्हा तो निंबगव्हाणचा पक्का माल आहे. अलीकडून चंद्रभाननं तोच धागा पकडून सांगितलं, की पक्का माल असेल तर इकडे जास्त दर पडेल. अण्णाजींनी मास्तरांकडे पाहिलं.

केशव मास्तर घसा साफ करून म्हणाले, "कच्चा माल पळसझरीचा, प्रक्रिया निंबगव्हाणची. असा मिश्र प्रकार आहे."

पद्मा तोवर नाल्याच्या मधोमध आली होती. तिथं थांबून ती म्हणाली, "मास्तर, प्रक्रिया मी केली. यात दोन्ही गावाचं काई नाई." आणि ती लेकराला घेऊन वाळूत बसली. "ठरवा जी तुमचं. मले घाई नाई. हे वाळू कोनाचीच नाई, इथं जकात नाई."

ऊन चढत होतं. पोरीनं रडायला सुरुवात केली. तिचा आवाज दोन्ही हद्दींत सारखाच जात होता आणि त्यावर कोणालाच दर सुचला नाही.

अण्णाजींपुढे दोनच वाटा होत्या. जकात भरावी, तर सख्खी नात सरकारी रीतीनं परका माल ठरते. माफ करावी, तर धोरण जातं. त्यांनी माफीसाठी हात उचलला मात्र, मागून तानाबाईंचा आवाज आला.

"माह्या मडक्याले जकात अन् तुमच्या नातीले माफी? काऊन जी? माहं मडकं तं रडत बी नाई."

गर्दी हसली. अण्णाजींचा हात तसाच वर राहिला. धुरपताबाईंनी तो पाहिला, बांबू पाहिला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"तुमी ठरवा सावकाश. मी तं चालली."

त्या बांबूखालून वाकून नाल्यात उतरल्या, सुनेच्या शेजारी बसल्या आणि नातीवर पदर धरला. आता अण्णाजींचं सगळं घर बेवारस वाळूत होतं आणि ते एकटेच पळसझरीत उरले होते. अशा वेळी माणसाला कायद्याची खरी खोली कळते.

"नात्यातल्या मालाले जकात नाई," अण्णाजी मोठ्यानं म्हणाले. "हा नियम मी कालच केला होता. दवंडी राह्यली होती."

"आमच्याकडं बी कालच झाला," बापूजी पलीकडून म्हणाले.

चंद्रभाननं बांबू उचलला. अण्णाजी स्वतः वाळूत उतरले आणि त्यांनी नात हातात घेतली. तिचं नाक खरोखरच त्यांच्यावर गेलं होतं, ही एक गोष्ट सोडली तर सगळं गोड झालं.

पण नियम हा नियम. दुसऱ्या दिवशी निंबगव्हाणचा कुंभार मडक्यांची गाडी घेऊन आला आणि चंद्रभानला म्हणाला, "अण्णाजीले सांग, तुमच्या आत्याच्या जावेचा भाचा आला." चौकशी केली, होता. तेली मामेसासऱ्यांकडून निघाला. तानाबाई तर दोन्ही सरपंचांच्या मावशी निघाल्या. संध्याकाळपर्यंत जकात देण्याजोगा एकही परका माणूस दोन्ही गावांत शिल्लक राहिला नाही. धोरण असं एका दिवसात, कोणालाही न दुखावता, पूर्ण यशस्वी होऊन संपलं.

प्रश्न उरला नाक्याचा. नेमलेला माणूस काढणं बरं दिसत नाही, म्हणून दोन्ही पंचायतींनी तो बांबू सामाईक खर्चानं उचलून आर्वीच्या सडकेवर नेला, आणि तिथं शहराकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवला आहे. चंद्रभान एकच प्रश्न विचारतो: "तुमचं इथं कोन?" ज्याला नातं सांगता येतं, तो फुकट जातो. ज्याला येत नाही, त्याला एक सवलत आहे. त्यानं आपल्या गावातल्या, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याचं नाव सांगायचं, आणि त्याच्या घरी शेवटचं केव्हा जेवला ते सांगायचं. बरेच शिकलेले पाहुणे इथं खिसे चाचपू लागतात.

पंचायतीचं उत्पन्न आता खरंच चांगलं आहे. तुम्ही हसत हसत इथवर आलाच आहात, तर पळसझरीलाही एकदा येजा. सुटे पैसे घेऊन येजा. चंद्रभानजवळ मोड नसते.