जांभळी मोरी

आमच्या भाऊजींचं वागणं ऐका आणि तुम्हीच सांगा! भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे छापून आलेलं सगळं खरं आणि वहिनी बोलते ते सगळं खोटं! डॉक्टरांनी आतड्यातली गाठ दाखवली. "कॅन्सरची आहे, पण लहान आहे. लवकर काढून टाका," म्हणाले. तर हे महाशय खिशात वर्तमानपत्राचं कात्रण घालून घरी आले.

"वहिनी, ऑपरेशन रद्द! आजपासून मला काळा तांदूळ शिजवून घाला. त्याच्या सालीतला रंग कॅन्सरशी लढतो!"

माझी सून प्रयोगशाळेत कामाला आहे. ती म्हणाली, "काका, ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर दिसलंय. माणसाच्या पोटात गाठ बरी होते असं कुणी सिद्ध केलेलं नाही."

"बशीत होतं ते पोटात का नाही होणार? माझं पोट काय बशीपेक्षा लहान आहे?"

सून डबा घेऊन कामावर गेली आणि काळा तांदूळ पडला माझ्या गळ्यात!

मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले, पण तांदूळ कसा धुवायचा हे मला कुणी शिकवू नये! पाणी नितळ येईपर्यंत हात थांबवायचा नाही. पहिलं पाणी ओतलं, तर मोरीत जणू शाईची बाटली फुटली! दुसरं तसंच, तिसरं तसंच. मी काय ते ओळखलं. मेला दुकानदार तांदळाला रंग फासून विकतोय! आजारी माणसाला रंग खाऊ घालू? मग भिजवला, कढत पाण्यातून काढला, खरखरीत फडक्यात घालून असा चोळला, की तांदळाला आपली आई आठवली असेल. रोज हाच उद्योग! मोरी जांभळी, माझे हात जांभळे, भात मात्र फिकट.

भाऊजींना पत्ताच नाही. जेवतानाही डोळे छापील कागदात! वर छाती काढून सांगायचे, "वहिनी, काय ताकद आलीय! जिना एका दमात चढतो!" दवाखान्यातून फोन आला की, "सांगा त्यांना, रोगी बरा झाला!"

एक दिवस ते पाणी आमच्या ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. सदरा असा दिसायला लागला, जणू कुणी ह्यांना वांग्यांनी बदडलंय! आता मात्र माझं डोकं फिरलं. सदरा हातात घेऊन थेट दुकानात!

"रंग लावून माल विकतोस? आमच्या घरात आजारी माणूस आहे!"

गिऱ्हाइकं गोळा झाली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अहो आजी, तो रंग सालीतलाच! लोक त्या रंगासाठीच तर नेतात. तुम्ही धुऊन टाकलात की काय?"

"धुऊन? घासून, चोळून!"

"वहिनी!"

मागे वळून पाहते तर भाऊजी. रिकामी पिशवी घेऊन नवा तांदूळ न्यायला आलेले. तोंड माझ्या भातापेक्षा फिकट.

"म्हणजे मी इतके दिवस खात काय होतो?"

"भात!"

"मग ती ताकद?"

"ती माझ्या हातची!"

लोक हसले. भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले, "माझं औषध मोरीत ओतलंत! आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, न धुता!"

मला हसू आलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस पाठीला दप्तर लावून माझ्या पदराला हात पुसत होता. त्याला एका कात्रणापायी जाऊ देऊ? भर दुकानात मी आवाज चढवला.

"ऐका भाऊजी! चुकले असं मी म्हणणार नाही. रंग मोरीत गेला, गाठ तुमच्या पोटातच राहिली. मोरीला आता कॅन्सर व्हायचा नाही, तिची मला काळजी नाही! साध्या भातावर जिना चढता, तर ऑपरेशनच्या टेबलावर चढायला काय धाड भरली? बरे होऊन या, मग काळा, लाल, जांभळा, म्हणाल तो भात घालीन. पण धुऊनच! पिशवी इकडे द्या आणि वळा. दवाखाना त्या बाजूला आहे!"