आप्पांचा टॉवेलाखालचा कारभार

भाऊराव आप्पा कॉम्प्युटरवर टाइप करतात ते टॉवेलाखाली. कीबोर्डवर खांद्यावरचा टॉवेल पसरायचा, त्यात दोन्ही हात घालायचे आणि अक्षरं चाचपत बसायचं. घोडेगावच्या बैलबाजारात त्यांनी जन्मभर दलाली केली. तिथे सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, भाव तिसऱ्याला कळायचा नाही. आप्पांच्या मते तीच रीत इथेही बरी.

समोर पडद्यावर सगळं दिसतंच, हे मी एकदा सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदा भिंतीकडे फिरवला आणि स्वतः मधल्या फटीत जाऊन बसले.

गावाने वर्गणी काढून ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत कॉम्प्युटर बसवले. शिकवायला मी, निवृत्त मास्तर. सगळ्यांना फुकट. या फुकटाचाच आप्पांना पहिला संशय. "कुनाचा तरी डाव हाय ह्यात," हे त्यांचं पालुपद. कॅमेऱ्याच्या डोळ्याला त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना फासला. वीज गेली तरी त्यांना वाटायचं, कोणीतरी मुद्दाम घालवली.

संशय संसर्गजन्य असतो. हा माणूस या वयात भिंतीआड रोज बघतो तरी काय, ही शंका मलाही स्वस्थ बसू देईना. शेवटी वायर बघायच्या निमित्ताने मी मागे डोकावलो. पडद्यावर बायकांच्या ब्लाउजांचे फोटो. मनात म्हटलं, झालं, म्हातारा कामातून गेला.

मग एका फोटोच्या कडेला शिलाई मशीनवर बसलेली बाई दिसली. नाक थेट आप्पांचं. ती त्यांची धाकटी, संगीता. तिने मनाने लग्न केलं म्हणून आप्पांनी तिला उंबरा बंद केला, हे सगळ्या गावाला ठाऊक. घरात तिचं नाव काढायची बंदी, तीही यांनीच घातलेली. आता ती केडगावात शिवणक्लास चालवते; हे फोटो त्या क्लासच्या इंटरनेटवरच्या पानावरचे. एसटीने गेलं तर तासाभराची वाट.

मला वाटलं, आप्पा भडकतील. ते नुसते खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, आपुन हितं बघितलं, त्ये तिकडं तिला कळतं का?"

"नाही कळत," मी म्हणालो. वाटलं, जीव भांड्यात पडेल त्यांचा. पण चेहरा असा उतरला की मलाच भरून आलं.

त्यांनी कीबोर्डवरचा टॉवेल बाजूला सारला.

"मंग कळावं म्हून काय दाबायचं असतं?"