बोंबलाच्या बदल्यात बूट

टिकलीने चाळीतली सातवी चप्पल पळवली, त्या संध्याकाळी सेक्रेटरी बाबुराव मेस्त्री स्वतः हेरंब परबच्या दारात येऊन उभे राहिले. हातात नोटीस वगैरे नव्हती. एक पाय अनवाणी होता, तीच नोटीस.

"परब, कुत्री पाळायची तर पाळा. पण चाळीने काय अनवाणी फिरायचं? महिनाभरात सुधारली नाही तर मीटिंगमध्ये ठराव टाकणार, कुत्री बाहेर. आणि या रविवारी आमच्या श्रेयाला बघायला पाहुणे येतायत. त्या दिवशी ही बया गॅलरीत दिसली, तर महिन्याचंसुद्धा विसरा!"

टिकली म्हणजे चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाखाली सापडलेलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं तपकिरी प्रकरण. चाळीत प्रत्येक दारासमोर चपला, आणि प्रत्येक चपलेला वेगळा वास. टिकली जोडीतली एकच उचलायची आणि पळत सुटायची. मागे हेरंब. विम्याच्या ऑफिसात खुर्चीवरून न उठणारा माणूस घरी आल्यावर तीन मजले धावायचा. टिकलीला वाटायचं, याच्याइतका हौशी गडी चाळीत दुसरा नाही.

शेवटी हेरंबने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातल्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. मारू नका, ओरडू नका, मागे धावू नका, धावलात की तिला तो खेळ वाटतो. तिच्या तोंडात जे आहे त्याहून चांगलं काहीतरी पुढे करा. वस्तू सोडली की शाबासकी आणि बक्षीस.

टिकलीच्या लेखी चपलेहून चांगली गोष्ट जगात एकच होती, भाजलेला सुका बोंबील. हेरंबने लेंग्याच्या खिशात बोंबलाचे तुकडे भरले. पहिल्याच दिवशी टिकलीने चप्पल टाकली, बोंबील घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती न बोलावता आली, पायाशी चप्पल ठेवली आणि खिशाकडे बघत बसली. त्या संध्याकाळी तिने अशा नऊ आणल्या.

"बघ मीनाक्षी, स्वतःहून आणून देते!" हेरंब कौतुकाने म्हणाला.

त्याची बायको मीनाक्षी शाळेत शिकवायची. वीस वर्षं पोरांची लबाडी बघितलेली बाई. "अरे, तू तिला चप्पल सोडायला नाही शिकवलंस. धंदा शिकवलास."

बाहेर गॅलरीत शेजारच्या म्हाताऱ्या गंगुबाईंचा आवाज लागला होता. "गो मीनाक्षी, माजी व्हाण खंय? तुजा कुत्रा घेवन गेला!"

रविवार उजाडला. हेरंबने दाराला कडी घातली. अकराच्या सुमारास गॅसवाला आला, कडी निघाली, आणि सिलिंडर आत येताना टिकली बाहेर गेली. हे हेरंबला कळलं नाही. तो पेपर वाचत बसला. थोड्या वेळाने पायाशी काहीतरी पडलं. त्याने पेपरवरची नजर न काढता खिशातला तुकडा दिला. "शाबास." मग खाली पाहिलं.

काळा, चकचकीत, दहा नंबरचा बूट होता. आत पाय नसतानाही रुबाब करणारा.

हेरंब ताडकन उठला, तोवर टिकली गेलीसुद्धा. ती परत आली ती सोनेरी खड्यांची सँडल घेऊन, आणि थेट स्वयंपाकघरात.

"मीनाक्षी, काही देऊ नकोस तिला!"

"दिला की! तिने ठेवली, मी दिला. मेली सवयच लागलीय हाताला!"

बूट आणि सँडल बाजाराच्या पिशवीत घालून हेरंब चवड्यांवर बाबुरावांच्या दारापर्यंत गेला. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. वाकून त्याने सँडल जागेवर ठेवली. इतक्यात टिकली दुसरा बूट घेऊन समोर आली, पायाशी ठेवला आणि शेपटी हलवायला लागली. हेरंबने खिशात हात घातला. खिसा रिकामा. टिकलीने त्याच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, बूट पुन्हा उचलला आणि जिन्याने सरळ गच्चीवर निघून गेली.

दार उघडलं. बाबुराव.

"परब! काय करताय?"

"जोडी लावतोय," हातातला बूट दाखवत हेरंब म्हणाला.

बाबुरावांच्या मागून मुलाचे वडील, ठाकूरद्वारचे हितेंद्रराव दळवी, डोकावले. "हा माझा आहे. दुसरा कुठाय?"

"गच्चीवर गेलाय." जणू बूट वारा खायला गेला होता.

बाबुरावांचा चेहरा असा झाला, की ठराव ते तिथल्या तिथे मांडणार असं वाटलं. पण तासभर खाली मान घालून उत्तरं देत बसलेली श्रेया एकदम उठली. "मी आणते." मुलगाही उठला. ध्रुव त्याचं नाव. "मी पण येतो. बाबांचा आहे." हेरंब त्यांच्यामागून निघाला. खाली बाबुरावांसमोर थांबण्यापेक्षा गच्ची बरी होती.

टिकली पाण्याच्या टाकीखाली बूट पंज्यांत धरून बसली होती. ध्रुवने पेढा पुढे केला. तिने तोंड फिरवलं.

"ती बोंबलाशिवाय सोडत नाही," हेरंब ओशाळून म्हणाला.

श्रेयाने ध्रुवकडे पाहिलं. "तुम्हाला बोंबील चालतो का?"

ध्रुवने आधी जिन्याकडे नजर टाकली. "घरी आईसमोर नाही चालत. बाहेर पळतो."

श्रेया हसली. ती खाली गंगुबाईंकडे गेली. "व्हाणो नेल्यानी, आता बोंबील पण व्हये?" असं म्हणत म्हातारीने पाच बोंबील गॅसवर भाजून दिले. चौथ्या बोंबलाला टिकलीने बूट सोडला. पाचवा ध्रुवने अर्धा मोडून श्रेयाला दिला आणि उरलेला स्वतः खाल्ला. मग दोघं टाकीला टेकून बोलत बसले. बूट खाली पाठवायचं दोघांनाही सुचेना, आणि बूट मागायचा धीर हेरंबला होईना.

खाली हितेंद्ररावांना निघता येईना. एका बुटावर ठाकूरद्वारला कसं जाणार? त्यांनी तीन कप चहा घेतला. दुसऱ्या कपाला कळलं की त्यांचे आणि बाबुरावांचे वडील एकाच गिरणीत साच्यांवर होते. तिसऱ्या कपाला दोघं कोणत्या तरी जुन्या मुकादमाला मिळून शिव्या देत होते. गुरुवारी फोन आला, पसंत आहे.

तरी बाबुराव हेरंबशी बोलेनात. महिन्याची मुदत चालूच होती. आता शिकवणी मीनाक्षीने हातात घेतली. दारात चप्पल ठेवायची, टिकलीला जवळून न्यायचं. चपलेला तोंड न लावता तिने वर बघितलं की लगेच बोंबील. उचलल्यावर द्यायचा नाही, उचलायच्या आधी द्यायचा. एक चप्पल, मग चार, मग अख्खी गॅलरी. चौथ्या आठवड्यात टिकली चपलांच्या रांगेतून अशी चालत जायला लागली, की गंगुबाईंनी तिला हात जोडले.

त्याच आठवड्यात बाबुराव आले. हेरंबने त्यांना काही बोलू न देता आधी टिकलीला चपलांवरून दोनदा फिरवून दाखवलं. "बघा! एकीलासुद्धा तोंड लावलं नाही!"

बाबुराव मटकन खुर्चीत बसले. "परब, हे काय करून ठेवलंत?"

"म्हणजे?"

बाबुरावांनी लग्नाची पत्रिका काढली. वर हळदीकुंकू लावलेलं. "अहो, लग्नात नवऱ्याचे जोडे लपवायचे असतात. श्रेयाला बहीण नाही. चुलतबहिणी परदेशात. दळवींची पोरं म्हणतात, आम्ही खडा पहारा ठेवू. श्रेया म्हणते, करवली म्हणून टिकलीच पाहिजे. मी शब्द देऊन बसलो तिला!"

"कधी आहे लग्न?"

"अठरा दिवसांवर." बाबुरावांनी पायातली नवी कोरी कोल्हापुरी काढून टिकलीपुढे सरकवली. सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून सोडली. आत बोंबील होता. "उचल गं बाई. उचल ना. कोण काय म्हणत नाय तुला."

सेक्रेटरी बाबुराव मेस्त्री जमिनीवर उकिडवे बसून कुत्रीला चप्पल चोरायची गळ घालत होते, आणि टिकली चपलेवरून नजर काढून, शहाण्यासारखी वर बघत, आपल्या बक्षिसाची वाट बघत होती.